सहा मुळांचा वड

गौरी आल्या त्याच संध्याकाळी आमचा वड पडला. 3 सप्टेंबर 2022, शनिवार. आरती आटोपून लोक प्रसादाकडे वळले होते. कुणाकडे तरी आलेले एक पाहुणे फोटोसाठी झाडाला हात लावून जरा रेलले, आणि नऊ फुटांचा वड सावकाश, अगदी लाजत लाजत कलंडला नि प्रसादाच्या टेबलावर जाऊन निजला. कुणाला खरचटलंही नाही. शिऱ्याचं पातेलं मात्र गेलं. मूर्ती तिथून हातभर अंतरावर होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

झाड मी केलं होतं. पिंपरी-चिंचवडला टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढून निवृत्त झालो, त्यामुळे सोसायटीत लोखंडाशी संबंधित काहीही निघालं की ते माझ्या दारात येतं. अशा माणसाचं झाड पडतं म्हटल्यावर वर्षभराची सोय झाली. लिफ्टमध्ये कुणीही भेटलं की, "काका, यंदा झाड उभं ठेवणार की आडवं?"

खरं तर वडाची कल्पनाच माझी नव्हती. देखावा होता गावातल्या पाराचा, आणि झाडाशिवाय पार म्हणजे नुसता ओटा. पूर्वी असलं काही करायचं तर थर्माकोलचे ठोकळे आणायचे, गरम तारेनं कापायचे, रंग द्यायचा आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळं कचऱ्यात. 2018 साली राज्यात बंदी आली आणि तो रस्ता बंद झाला. मग बांबू, पुठ्ठ्याच्या नळ्या, कागद असं जमवून मी पहिला वड उभा केला. मधोमध दोन इंची पाइप, त्याला खाली अधिकच्या चिन्हासारखे दोन-दोन फुटांचे चार पाय, पायांवर दहा-दहा किलो वाळूच्या चार पिशव्या.

हिशेबही केला होता, आणि तो बरोबर होता असं मला पुढचे आठ महिने वाटत होतं. माणूस हात टेकून रेलला तर साधारण पंचवीस किलोचा जोर पाच फुटांवर लागतो, म्हणजे 125. झाड चाळीस किलो, वाळू चाळीस किलो, एकूण ऐंशी. पाय दोन फुटांचा, म्हणजे 160. एकशेसाठाला एकशेपंचवीस पाडू शकत नाही. तरीही पडलं ते पाहुण्यांच्या वजनामुळे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पाहुणे होतेही तसे भरभक्कम.

2023 च्या मे महिन्यात तोच सांगाडा टेम्पोत घालून भोसरीला माझ्या ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे नेला. पोरगा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, शिक्षण दहावीपर्यंत, पण हात असा की मारलेला टाका ग्राइंडरनं घासावा लागत नाही. त्याला म्हटलं, पाय जाड कर. त्यानं सांगाडा उभा केला, चहा संपवला आणि दोन बोटांनी पाइप ढकलला. पायाच्या दिशेनं ढकलला तेव्हा हलला नाही. मग जरा बाजूला सरकून दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेच्या दिशेनं ढकलला. पाइप लगेच कलला.

"काका, पाय कुठे आहे ते बघू नका. कुठे नाही ते बघा."

तिथल्या तिथे खडूनं फरशीवर काढून बघितलं. चार पायांची टोकं जोडली की चौकोन होतो. झाड पायाच्या टोकावर पडत नाही, दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेवरून पडतं. दोन फुटांच्या पायाला मध्यापासून त्या रेषेपर्यंतचं अंतर भरतं 1.41 फूट. म्हणजे पाय दोन फुटांचा घातला, पण कामाला आला एक फूट पाच इंचांचाच. आता पुन्हा गुणा: ऐंशी गुणिले 1.41 म्हणजे 113. पाहुण्यांचे 125. पाहुण्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीला चाराऐवजी पाच पाय का असतात, हे आयुष्यभर त्या खुर्चीवर बसून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पाय वाढवले की ही मधली खोट कमी होत जाते. पाच पायांना लांबीच्या 81 टक्के उपयोगी पडते, सहांना 87, आठांना 92. आठ पाय म्हणजे कोळी दिसला असता. सहा ठरले, अडीच फुटांचे. सहा पायांचं स्टँड लपवायचं कसं, हा प्रश्न मात्र सुटेना. पहिल्या वर्षी आम्ही स्टँडवर हिरवं कापड टाकलं होतं, त्यामुळे झाड लॉनमध्ये खोचलेल्या छत्रीसारखं दिसत होतं.

म्हणून एका रविवारी सकाळी मेजरिंग टेप घेऊन पुणे विद्यापीठाच्या आवारात गेलो. तिथे जुने वड आहेत. सुरक्षारक्षकानं दोनदा येऊन विचारलं, "काका, काही हरवलंय का?" पण त्या दोन तासांत जे मिळालं ते कागदावर मिळालं नसतं. वडाचं खोड खांबासारखं सरळ जमिनीत शिरत नाही. दीड-दोन फूट वर असतानाच ते पसरायला लागतं, धोतराच्या निऱ्या सुटाव्यात तसं, आणि प्रत्येक निरीचं खाली मूळ होतं. म्हणजे माझे सहा पाय लपवायचे नव्हतेच. तीच मुळं होती.

दुसरी चूक फांद्यांची. पहिल्या झाडाला सगळ्या फांद्या एकाच जाडीच्या, त्यामुळे ते कोट अडकवायच्या खुंटाळ्यासारखं दिसायचं. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या वह्यांमध्ये लिहून ठेवलंय की खोडाला फांद्या फुटल्या की सगळ्या फांद्यांची मिळून जाडी खोडाइतकीच भरते. जाडी म्हणजे इथे कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ. खऱ्या झाडांत थोडं उन्नीस-बीस होतं, पण डोळ्याला पटायला नियम पुरेसा आहे. माझं खोड अठरा इंच व्यासाचं. अठराचा वर्ग 324. बारा, दहा आणि नऊ यांच्या वर्गांची बेरीज 325. तीन फांद्या ठरल्या: एक बारा इंची, एक दहा, एक नऊ. जाडी अर्थात बाहेरच्या सालीची. आत सगळीकडे पाइपच.

पाइप भवानी पेठेतल्या लोखंड बाजारातून आणला. खोडाला दोन इंची, फांद्यांना दीड इंची, मुळांना एक इंची. मुळं दहा एमएमच्या गोल प्लेटला बारा एमएमच्या दोन-दोन बोल्टांनी आवळायची, कारण सगळं झाड सुटं होऊन जिन्याखालच्या खोलीत मावलं पाहिजे, ही सेक्रेटरींची अट होती. फांद्यांसाठी खोडाला दोन इंची पाइपचे आठ-आठ इंची तुकडे तिरके जोडले. त्यांत दीड इंची फांदी खोचायची.

ऐकायला सोपं, पण दोन इंची पाइपचं भोक असतं त्रेपन्न मिलिमीटर आणि दीड इंची पाइप बाहेरून अठ्ठेचाळीस. म्हणजे आत पाच एमएमची ढिलाई. आठ इंचांत पाच एमएम ढिलं म्हणजे पाच फुटी फांदीचं टोक दीड इंच खाली येतं आणि मांडवात कुणी पंखा लावला की डुलतं. शिवाय वाकडी फांदी गोल पाइपमध्ये विहिरीच्या रहाटासारखी फिरते. त्याला उपाय असा केला: फांदी खाली झुकते तेव्हा तोंडाशी खाली टेकते आणि आतलं टोक वर टेकतं. म्हणून तोंडाशी खालून एक नट वेल्ड केला, आत शेवटाला वरून एक. दोन्हींतून बोल्ट आवळले की फांदी उचलली जाऊन जाम बसते. फांदीच्या पाइपवर बोल्टच्या टोकापुरते उथळ खड्डे गिरमिटानं घेतले, मग फिरणंही थांबलं. हे करायला अर्धा दिवस लागला. बाकीच्या सगळ्या वेल्डिंगलाही एवढाच.

मूर्तीच्या डोक्यावर छाया धरणारी फांदी सगळ्यात लांब आणि पानांसकट नऊ किलोची. तिच्या खाली बाजूला एक पारंबी आतून पाइप घालून जमिनीपर्यंत आणली. बाकीच्या पारंब्या काथ्याच्या दोरखंडाच्या, टोकं पिंजून सोडलेल्या. वडसुद्धा आपल्या लांब फांद्यांना असाच टेकू देतो. आपण फक्त त्याची नक्कल करायची.

साल कशाची करायची यावर घरी बरीच चर्चा झाली. माझा कल सिमेंटकडे होता. लोखंडी जाळीवर सिमेंट चढवायची विद्या मुळात बागेतूनच आली. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं 1867 मध्ये असल्या कुंड्यांचं पेटंट घेतलं आणि पुढे त्यातूनच आपल्या आरसीसीची वाट निघाली. त्याच वर्षी खुल्या झालेल्या पॅरिसच्या एका बागेत तर सिमेंटचे कठडे थेट लाकडी ओंडक्यांसारखे केलेत. पण इंचभर जाडीचं सिमेंट म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ साठ किलो. माझ्या खोडाची साल साडेतीन चौरस मीटरच्या घरात. दोनशे किलोंचं खोड जिन्याखाली कोण नेणार? हा प्रश्न बायकोनं विचारला आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

शेवटी सहा एमएमच्या सळईच्या रिंगा, खाली मोठ्या नि वर लहान, त्यांवर कोंबडीची जाळी, जाळीवर वर्तमानपत्राचे तीन थर आणि सगळ्यात वर गोणपाट. मार्केट यार्डातून जुनी पोती आणली, बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडल्या आणि चिंचोक्याच्या खळीत बुडवून उभ्या उभ्या चिकटवल्या. पट्टी चिकटवताना ती दाबून सपाट करायची नाही. दोन्ही हातांनी जरा पिळायची, मग मध्ये चर पडतात. वाळल्यावर त्या चरांत काळपट तपकिरी रंग पातळ करून सोडला आणि उंचवट्यांवर कोरड्या ब्रशनं राखाडी फिरवला. बोट फिरवलं तर सालीसारखं खरखरीत लागायचं. मुळांच्या खालच्या फूटभर भागाला मात्र खळीऐवजी सिमेंटच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट लावलं. आमचा मांडव पार्किंगच्या बाजूला, वर पत्रे, पण भाद्रपदातल्या सरीचे शिंतोडे आत येतातच. पहिल्या वर्षी कागद तिथेच फुगला होता.

पानांचं काम सोसायटीतल्या बायकांनी अंगावर घेतलं. प्लास्टिकची पानं नकोत, असं त्यांचंच म्हणणं. जुन्या सुती साड्या हिरव्या रंगात बुडवून, खळ देऊन, इस्त्री करून कापायच्या, मागे बारीक तारेचा देठ. दोन रविवार क्लब हाऊसमध्ये नुसत्या कात्र्या चालू होत्या. तिसऱ्या रविवारी मी गठ्ठे बघायला गेलो तर जवळजवळ निम्म्या पानांना लांब शेपूट. सगळी पिंपळाची! गणपतीच्या पत्रिकांवर, भिंतींवर पिंपळपानच इतकं काढलेलं असतं की हात आपोआप तिकडे वळतो. वडाचं पान लांबट-गोल, टोकाशी बोथट. शेपट्या कापून टाकल्या, पानं जरा लहान झाली, त्यांना फांद्यांच्या टोकांकडे जागा दिली. खरंतर तीन आकारांची पानं हवीच होती, ती अशी फुकटात मिळाली. कोवळ्या पानांसाठी एका काकूंनी तांबूस नारायण पेठ साडी आणून दिली. आधी मी घेतच नव्हतो. "जरीला भोकं पडलीत हो, न्या," म्हणाल्या. फळं लाल लोकरीची, पानाच्या बगलेत जोडीजोडीनं, देठाशिवाय, वडाची असतात तशी.

सुती पान म्हणजे पेटणारी वस्तू, आणि समोर समई, निरांजन, कापूर. म्हणून पानं कापायच्या आधी कापड टाकणखार आणि बोरिक पावडरच्या द्रावणातून काढलं. सात भागांना तीन भाग, कोमट पाण्यात, विरघळेपर्यंत ढवळून. बोरिक म्हणजे तीच, कॅरमवर टाकतात ती. वाळल्यावर एक पान गॅलरीत काडी लावून बघितलं. जिथे ज्योत लागली तिथे काळं पडलं, काडी काढताच विझलं. बिनद्रावणाचं पान हातातून टाकावं लागलं. ही युक्ती सुती कापडावरच चालते, पॉलिस्टर असेल तर विसरा. आणि पान पाण्यात भिजलं की पुन्हा सगळं करायचं.

विजेच्या माळांबद्दल एवढंच सांगतो की झाड आतून अखंड लोखंड आहे. माळेची एक वायर सोलली तर आख्ख्या वडात करंट. आम्ही बारा व्होल्टच्या एलईडी माळा वापरल्या, खोडाच्या तळाशी अर्थिंगची तार बोल्टनं आवळली आणि लाइन आरसीसीबीतून, म्हणजे करंट गळायला लागताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून, घेतली. यात कुणी काटकसर सुचवली तर त्याचं ऐकू नये. सुचवतात.

19 सप्टेंबरला गणपती बसायचे होते. 17 ला रात्री झाड उभं केलं. लोखंड पंचेचाळीस किलो, सालीपानांसकट झाड पासष्ट, मुळांच्या पोटात वाळूच्या पिशव्या नव्वद किलो, लांब फांदीच्या विरुद्ध बाजूला जरा जास्त. हिशेबानं सगळं वजा करून तीनशेच्या वर येत होतं, पाहुण्यांच्या 125 समोर. पण एकदा कागदानं फसवलेला माणूस मी. भंगारवाल्याकडून लटकवायचा काटा मागून आणला, खोडाला पाच फुटांवर दोरी बांधली आणि दोन मुळांच्या बरोबर मधल्या दिशेनं ओढत गेलो. वीस. तीस. चाळीस. लांब फांदीची पानं सळसळली, मूळ जागचं हललं नाही. पन्नासला थांबलो. काटाच पन्नासचा होता.

मग सेक्रेटरी पुढे आले. काही न बोलता त्यांनी खोडाला पाठ लावली, हाताची घडी घातली, मोबाइल काढला आणि तिथेच उभे राहून पाचेक मिनिटं कुणाशी तरी बोलत बसले. मी दोरी हातात धरून त्यांच्याकडे बघत होतो. झाड उभं राहिलं. त्या वर्षी दहा दिवस उभं राहिलं, पुढच्या वर्षीही. एकूण खर्च साडेअकरा हजार आला. पहिल्या वर्षीच्या झाडाला सहा लागले होते, पण ते एकाच वर्षात गेलं.

पुढच्या वर्षी म्हणजे 2024 ला झाड बाहेर काढलं तेव्हा खोडाला खाली मुठीएवढं भगदाड आणि आत पानांचं घरटं. उंदरांनी चिंचोक्याची खळ आवडीनं खाल्ली होती. नारायण पेठेचीही गादी केली होती. चूक माझीच. बुक बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, लहानपणी वह्यांना कव्हर घालताना वडीलही घालायचे, आणि मी मोरचूद घालायला विसरलो होतो. आता घालतो, हातमोजे घालून, आणि त्या दिवशी पोरांना जवळ फिरकू देत नाही, कारण ते विषच आहे. भगदाड बुजवताना पट्ट्या आडव्या लागल्या, त्यामुळे तिथे फांदी तुटल्याची जुनी खूण वाटते. लोकांना ती मुद्दाम केली असं वाटतं. मी काही बोलत नाही.

गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये, वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तीन-चार जणी दाराशी. बाजारातून वडाची फांदी तोडून आणणं त्यांना बरं वाटत नव्हतं, आणि जवळच्या वडापर्यंत चिखल. "काका, आपला वड काढाल का?" एका आजींना हे साफ नामंजूर. "याला कसले फेरे घालता? याला तर बोल्ट आहेत." वाद बराच वेळ चालला, मी त्यात पडलो नाही. शेवटी नुसतं खोड आणि मुळं उभी करून दिली. फांद्या लावल्या नाहीत, एवढ्यासाठी बोल्टांचा डबा कोण काढणार? दुसऱ्या दिवशी सकाळी बिनफांद्यांच्या त्या बुंध्याभोवती सात-आठ जणी सूत गुंडाळत होत्या, आणि आजीही होत्या त्यांत.

ऑगस्टमध्ये गणपतीसाठी झाड पुसायला घेतलं तेव्हा ते पांढरं सूत अजून खोडावर होतं, गोणपाटाच्या चरांत रुतलेलं, थोडं मळलेलं. रंगकाम करणारा म्हणाला, "काढून टाकू?" मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. विद्यापीठातल्या वडांनाही असंच जुनं सूत होतं, मेजरिंग टेप लावताना बोटाला अडकलं होतं. त्याला म्हटलं, तेवढं सोडून बाकीचं कर.